ग्रंथाची सनद

1940 साली हिंदुस्थान सरकारने औषधांचा पहिला सर्वव्यापी कायदा केला, तेव्हा त्यातील व्याख्येच्या कलमात आयुर्वेद आणि युनानी यांचे नाव आले ते केवळ त्यांना वगळण्यापुरते. निकृष्ट व भेसळीची क्विनाइनसारखी औषधे बाजारात राजरोस विकली जात असल्याची ओरड झाल्यावर 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी समिती नेमली गेली, तिच्या अहवालातून हा कायदा उद्भवला. तेव्हा औषधाची ओळख प्रयोगशाळेत, द्रव्याच्या शुद्धतेवरून आणि प्रमाणावरून पटवावयाची, हे ओघानेच आले. या कायद्याखालील 1945 च्या नियमांनी व त्यांतील वेळोवेळच्या दुरुस्त्यांनी वेष्टनावर कारखानदाराच्या परवान्याचा क्रमांक आणला, औषधांच्या अनुसूच्या पाडल्या, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून काय विकू नये याचा बंदोबस्त केला.

वगळल्यामुळे वैद्यांची सरकारी जाचातून सुटका झाली, असे मात्र म्हणवत नाही. आसव-अरिष्टांत मद्यार्क वरून घालीत नाहीत, तो संधानक्रियेत आपोआप उपजतो. परंतु 1949 साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला तेव्हा द्राक्षासव हे औषध की मद्य, हा प्रश्न अमलदाराच्या मर्जीवर टाकण्यासारखा राहिला नाही. मद्यार्कयुक्त औषधांना त्या कायद्याच्या कक्षेत ओढणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली बालसारा खटल्यात रद्दबातल ठरविला.

आयुर्वेदीय औषधाला कायद्याने खरोखर हात घातला तो 1940 च्या औषध कायद्याला 1964 साली झालेल्या दुरुस्तीने. वीस-पंचवीस वनस्पतींचा काढा किंवा पुटे देऊन सिद्ध केलेले भस्म यांत नेमके काय आहे, हे परीक्षानळीतून सिद्ध करणे त्या काळी दुष्कर होते. म्हणून सरकारने द्रव्य तपासण्याऐवजी वंशावळ विचारली. 1852 नंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामदारांकडे जुन्या सनदा मागितल्या, तशीच ही मागणी होती. कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची यादी घातली गेली: चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश, भैषज्यरत्नावली; युनानीसाठी कराबादीन आझम आणि तत्सम ग्रंथ. या ग्रंथांतील पाठाप्रमाणे तंतोतंत बनविलेले ते शास्त्रोक्त औषध, अशी व्याख्या ठरली. ही तोड मला कायद्याच्या दृष्टीने चतुर, परंतु विज्ञानाच्या दृष्टीने लंगडी वाटते, कारण पाठ अचूक असला म्हणून बाटलीतील द्रव्य अचूक असतेच असे नाही.

त्या यादीत संहितांच्या पंक्तीला ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथही आहे. 1907 साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणाऱ्या शंकर दाजीशास्त्री पदे यांनी तो लिहिला, आणि सर्वसामान्य गृहस्थाला घरच्या घरी वापरता यावा असा त्याचा बाज आहे. पदेशास्त्री 1909 साली निवर्तले. आपल्या मराठी ग्रंथाला पुढे केंद्रीय कायद्याचे प्रामाण्य लाभेल, हे त्यांच्या स्वप्नीही नसेल.

ग्रंथाची चौकट पाळूनही नवे औषध काढण्याची सोय कायद्याने ठेवली: घटक ग्रंथांतील, परंतु योग मात्र कारखानदाराचा स्वतःचा. यास पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध म्हणतात, आणि दुकानाच्या फळीवरील कितीतरी पाक, मलमे व तेले याच दाराने आत आली आहेत. विषाच्या बाबतीत मात्र सरकारने वंशावळीवर विसंबणे नाकारले. बचनाग, धोत्रा, कुचला, बिब्बा, अफू यांसारख्या द्रव्यांची निराळी अनुसूची असून ती पोटात घ्यावयाच्या औषधात असतील, तर तो पाठ कितीही पूज्य ग्रंथातला असो, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. आणि ती छापण्यासाठी नियमाने नेमून दिलेल्या भाषा दोनच, इंग्रजी आणि हिंदी, पदेशास्त्र्यांच्या भाषेचा त्यात उल्लेख नाही.