चाकोरीबाहेरचे पंधरा मिलिमीटर

समजा, तुम्ही वॉटफर्डला राहता. शनिवारची सकाळ आहे. घरासमोर तुमची दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार जॅकवर चढवलेली आहे आणि हातात अ‍ॅल्युमिनियमच्या चार चकत्या आहेत, प्रत्येक 15 मिलिमीटर जाडीची. यांना स्पेसर म्हणतात. चाक काढायचं, हबवर चकती बसवायची, लांब बोल्ट घालून चाक परत आवळायचं. बस. चाक 15 मिमी बाहेर येतं, मडगार्डच्या कडेला भिडतं आणि कालपर्यंत अंग चोरून उभी असलेली गाडी एकदम दंड थोपटून उभी राहते.

गाड्यांचे शौकीन याला ‘स्टान्स’ म्हणतात. मराठीत यासाठी आखाड्यातला शब्द आहे: पवित्रा. पैलवान पाय फाकवतो, गुडघ्यात वाकतो, वजन खाली आणतो. कोल्हापूरच्या तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, कारण पाय जवळ ठेवून उभ्या असलेल्याला पाडणं सोपं असतं. गाडीचंही तसंच. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त आणि वजन जितकं खाली, तितकी ती वळणावर कमी कलते.

पण ‘दोन चाकांत अंतर किती असावं?’ हा प्रश्न तुमच्या गाडीपेक्षा खूप जुना आहे. त्यावरून कंपन्या भांडल्या, संसदेला कायदा करावा लागला. आणि या भांडणाचं एक टोक तुमच्या वॉटफर्डला आहे, तर दुसरं ठाण्याला.

आधी वॉटफर्ड. लंडनच्या युस्टन स्टेशनातून निघालेली ‘लंडन अँड बर्मिंगहॅम रेल्वे’ 1837 मध्ये इथून धावायला लागली. मुख्य अभियंता होता रॉबर्ट स्टीफनसन. सोपा मार्ग कॅशिओबरी आणि ग्रोव्ह या इस्टेटींतून जात होता, पण तिथल्या जमीनदार अर्लनी आगगाडीला जागा दिली नाही. आज तुम्ही ज्या कॅशिओबरी पार्कात फिरायला जाता, तीच ही जमीन. मग रूळ बाजूने वळवले आणि सुमारे 1.6 किलोमीटर लांबीचा बोगदा खणावा लागला. 1835 मध्ये त्याची एक विहीर ढासळली आणि दहा मजूर गाडले गेले. मार्ग कुणीतरी हलवला, किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या रुळांमधलं अंतर होतं 4 फूट साडेआठ इंच, म्हणजे 1435 मिमी. ते काही प्रयोगशाळेत गणित मांडून ठरलं नव्हतं. रॉबर्टचे वडील जॉर्ज स्टीफनसन उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींवर काम करत. तिथल्या घोड्यांनी ओढायच्या डब्यांचं जे माप होतं, तेच त्यांनी थोड्या फरकाने पुढे चालवलं. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: चाकोरी. म्हणजे मूळात बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल घळ. पहिल्या गाड्या जिथून जातात तिथे चाकोरी पडते, आणि मग वेगळ्या मापाची गाडी आणली की तिचं एक चाक घळीत आणि दुसरं उंचवट्यावर. आस तुटायची नसेल, तर सुताराला गावच्या मापाचीच गाडी करावी लागते. ‘चाकोरीबद्ध आयुष्य’ असं आपण सहज म्हणतो. त्यामागे हा खराखुरा चिखल आहे.

चाकोरी मोडायला निघालेला माणूस होता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. त्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी 7 फुटांहून किंचित जास्त रुंद रूळ टाकले. गाड्या खरंच स्थिर आणि वेगवान होत्या. पण ग्लॉस्टरला त्याचे रूळ अरुंद रुळांना भेटले आणि तिथे प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायची वेळ आली. शेवटी 1846 मध्ये संसदेने कायदा केला की यापुढे प्रवासी रेल्वेचं सर्वसाधारण माप 1435 मिमीच. अभियांत्रिकीत रुंद माप सरस होतं, पण जिंकली ती चाकोरी.

हे भांडण जवळून पाहिलेला एक माणूस पुढे हिंदुस्थानात आला. लॉर्ड डलहौसी 1845-46 मध्ये ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडचा अध्यक्ष होता, म्हणजे रेल्वेचा विषय त्याच्याच टेबलावर. गव्हर्नर जनरल झाल्यावर त्याला एकच गोष्ट नक्की हवी होती: सगळ्या देशात एकच माप, आणि तेही रुंद. रुंद रूळ म्हणजे वादळवाऱ्यात स्थिर गाडी आणि इंजिनाला ऐसपैस जागा. त्याला 6 फूट हवे होते, कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांचा कल इंग्लंडच्या मापाकडे होता. तडजोड झाली 5 फूट 6 इंचांवर, म्हणजे 1676 मिमी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच मापावर धावली.

म्हणजे वॉटफर्डपेक्षा ठाण्याचा पवित्रा 241 मिमी, जवळपास 17 टक्के रुंद. तुम्हाला तो माहीतही आहे. सुट्टीत मुंबईला गेलात की लोकलचा डबा (गर्दी सोडून) केवढा प्रशस्त वाटतो! नव्या लोकलचे डबे 3.66 मीटर रुंद आहेत. युस्टनला जाणारी तुमची गाडी साधारण 2.8 मीटर.

मग रुंद माप सगळीकडे का नाही पोचलं? कारण रुंदीला पैसे लागतात. वळणं मोठी लागतात, बोगदे आणि पूल मोठे लागतात. बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला, तोवर कॉलरा, ताप आणि अपघातांनी तिथे हजारो मजूर मेले होते. 1870 नंतर सरकारनेच खर्च वाचवायला मीटर गेज आणलं, आणि ‘एकच माप’ हे डलहौसीचं स्वप्न तिथेच संपलं. डोंगरात तर अरुंद मापाला पर्यायच नव्हता: 1907 मध्ये सुरू झालेली माथेरानची गाडी 610 मिमीच्या रुळांवर चालते, कारण ती वळणं रुंद गाडीला घेताच येणार नाहीत.

सर्वांत हुशार उत्तर मात्र सोलापूर जिल्ह्यात शोधलं गेलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, 762 मिमी मापाची. रूळ अरुंद, पण डबे त्यांच्या मानाने चांगलेच रुंद. हे जमलं कसं? त्याने भाराचा हिशेब केला. प्रत्येक आसावर 5 टनांची मर्यादा घातली आणि इंजिन-डब्यांचं वजन सगळ्या आसांवर नीट वाटलं. चाकं लांब-लांब नेण्याऐवजी भार कुठे पडतो ते पाहिलं. हीच गाडी पुढे पंढरपूरला पोचली आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरून वाहू लागली.

पण ग्लॉस्टरचा प्रश्न इथेही होताच. कुर्डुवाडीला मुंबईहून येणारं ब्रॉडगेज आणि बार्शीचं नॅरोगेज भेटायचं, मनमाडला ब्रॉडगेज आणि निजामाच्या रेल्वेचं मीटर गेज. मिरजेला तर एके काळी तिन्ही मापं एकत्र नांदली. या प्रत्येक स्टेशनात मापांमधला फरक कुणी भरून काढला? हमालांनी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं, आणि या फलाटावरून त्या फलाटावर. कित्येक दशकं. 1992 मध्ये भारतीय रेल्वेने सगळं एका मापावर आणायची योजना हाती घेतली, आणि त्यानंतरच्या काळात बार्शी लाइटही ब्रॉडगेज झाली.

वॉटफर्डने या कोड्याला आणखी एक उत्तर दिलं होतं. टॉलपिट्स लेनवर 1988 पर्यंत स्कॅमेलचा ट्रक कारखाना होता. 1930 च्या दशकात त्यांनी ‘मेकॅनिकल हॉर्स’ काढला: पुढे एकच चाक असलेला छोटा ट्रक, रेल्वेच्या मालधक्क्यावरून दुकानापर्यंत माल नेण्यासाठी. पुढच्या दोन चाकांतलं अंतर चक्क शून्य! वेगात तो डळमळला असता, पण त्याला वेग नकोच होता. घोडा जिथे वळतो तिथे वळायचं होतं. काम बघून पवित्रा ठरवला होता.

आता परत तुमच्या चकतीकडे येऊ. समजा, तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर 1500 मिमी आहे. दोन्ही बाजूंना 15 मिमी म्हणजे 1530. वाढ 2 टक्के. वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारा भार साधारण तितकाच कमी होतो, 2 टक्के. गाडीचा गुरुत्वमध्य सेंटीमीटरभर खाली आणला तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. थोडक्यात, दिसण्यात फरक मोठा आणि वागण्यात छोटा.

आणि भार? तो गायब होत नाही. चाक 15 मिमी बाहेर गेलं की बेअरिंगवर पडणारी तरफही तेवढी लांबते. हातातली पिशवी अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, खांदा लगेच सांगेल. स्टीअरिंगची भूमितीही बदलते, त्यामुळे खड्ड्यात किंवा एकाच चाकाला ब्रेक लागला तर हाताला ओढ जास्त जाणवते. जुने बोल्ट तसेच वापरले तर 15 मिमी आटे कमी पकडतात, आणि चाक सुटण्याचा धोका इथेच असतो. चकती हबच्या मधल्या कड्यावर घट्ट बसली नाही, तर चाक केंद्रातून किंचित सरकतं आणि हायवेवर थरथर सुरू होते.

म्हणून लावायचीच असेल, तर तुमच्या हबच्या मापाची घ्या, बोल्ट तितकेच लांब घ्या, टॉर्क रेंचने आवळा आणि थोडी गाडी चालवून पुन्हा तपासा. इन्शुरन्स कंपनीला कळवा. न कळवलेला बदल नेमका अपघातानंतर बाहेर येतो. हीच गाडी भारतात असती तर गोष्ट आणखी अवघड होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बनावटीत परस्पर बदल चालत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं.

चकती लावू नका असं मी म्हणत नाही. डलहौसीलाही रुंदच हवं होतं आणि मुंबईच्या लोकलमध्ये चढणारा माणूस त्याचा आजही फायदा घेतो. पण ग्लॉस्टर, बोरघाट, कुर्डुवाडी, सगळीकडे रुंदी ठरवणारा एक होता आणि फरकाचा भार उचलणारा दुसरा. तुमच्या गाडीत ते बेअरिंग आहे. ते बोलत नाही, फक्त काही हजार मैलांनी गुणगुणायला लागतं. तेव्हा शनिवारी चाक परत चढवण्याआधी ते एकदा हाताने फिरवून बघा. आवाज येतोय का, हलतंय का, ते तपासा. आधीच थकलेलं असेल, तर पहिले पैसे त्याच्यावर घाला, चकत्यांचं नंतर बघू.