कमाटीबागेचे श्रेय

वैशाख सरता सरता आम्ही मांडवीहून लहरीपुरा दरवाज्यातून निघून कमाटीबागेत दिवस घालविला. विश्वामित्रीकाठच्या या सार्वजनिक उद्यानाचे श्रेय आपण बडोदेकर निःशंकपणे सयाजीराव महाराजांस देतो. परंतु बाग १८७९ सालची. तेव्हा कवळाण्याहून दत्तक आलेले महाराज पंधरा-सोळा वर्षांचे होते. राज्याधिकार त्यांस १८८१ च्या डिसेंबरात मिळाले. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. याने महाराजांस उणेपणा येत नाही; बागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ साली त्यांच्याच राजवटीत पूर्ण झाली. मात्र वडाच्या सावलीत नातवंडांना इतिहास सांगताना परप्रांतातून आलेल्या त्या दिवाणांचेही स्मरण असावे. आपले पूर्वजही बाहेरूनच आले होते.