बीजगणिताच्या पोथ्यांतील घातदर्शक अक्षरें

नाशिकच्या पूर्वेस खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें शके ११२८ चा (इ. स. १२०७) एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनाकरितां मठ स्थापिला व निकुंभवंशीय राजांनीं त्यास दान दिलें, असें त्यावरून कळतें. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख उजेडांत आणिला. पोथी राखावयाची तर ती पढविली पाहिजे, हें चांगदेवानें ओळखिलें होतें. त्याची प्रचीति बीजगणिताच्या पोथ्या वाचतांना येते.

आज आपण राशीच्या माथ्यावर लहान अंक लिहून घात दाखवितों. ही पद्धति युरोपांत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथापासून रूढ झाली. आपल्या ग्रंथांत हेंच काम अक्षरें करितात. यावत्तावत् म्हणजे अव्यक्त राशि, तिचें चिन्ह 'या'. वर्गाचें 'व', घनाचें 'घ'. 'यावव' म्हणजे वर्गाचा वर्ग, अर्थात् चतुर्घात. वर्गाचा घन केला कीं २ व ३ यांचा गुणाकार होऊन षड्घात येतो. पंचघात पाहिजे तर 'वर्गघनघात' म्हणावें लागतें. 'घात' शब्दानें वर्ग व घन यांचा गुणाकार सुचविला जाऊन २ व ३ यांची बेरीज होते. राशि २ घेतली तर पंचघात ३२ व षड्घात ६४. म्हणजे तो एक शब्द गळाल्यास उत्तर दुप्पट होतें. ब्रह्मगुप्ताची 'पंचगत', 'षड्गत' हीं नांवें याहून सरळ होत.

आतां लेखकप्रमादाचा प्रश्न. 'यावव' मधील दुसरा 'व' नकलकारास किंवा संपादकास सहज द्विरुक्ति वाटेल. भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील एक उदाहरण घ्यावें: यावव १, याव ऋण २, या ऋण ४००, हें सर्व रूप ९९९९ बरोबर. उत्तर ११. ताळा असा: ११ चा चतुर्घात १४६४१, त्यांतून २४२ व ४४०० वजा जातां ९९९९ उरतात. पहिल्या पदांतील एक 'व' खोडिला तर १४६४१ च्या जागीं १२१ येतात आणि डावी बाजू ऋण ४५२१ होते.

म्हणून पोथीसंग्राहकांस विनंती कीं, अशा स्थळीं 'पुनरुक्त' असा शेरा मारण्यापूर्वी ताळा करून पाहावा, व नकलेंत मूळ अक्षरें जशींच्या तशीं उतरावीं. व्याकरणानें जें अधिक वाटतें, तें गणितानें पुष्कळदां आवश्यक ठरतें.