घरी जुळवलेल्या संगणकातला दोषी भाग कसा शोधावा?

मुलुंड, प्रतिनिधी

कंपनीचा तयार संगणक बिघडला, तर त्याची जबाबदारी एकाच कंपनीवर असते. लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन सुटे भाग मागवून घरी जुळवलेल्या संगणकाचे तसे नसते. मदरबोर्डची वॉरंटी एकाकडे, एसएमपीएसची दुसऱ्याकडे, रॅमची तिसऱ्याकडे, आणि ज्याला विचारावे तो आपला भाग सोडून उरलेल्यांकडे बोट दाखवतो. दोषी कोण, हे ठरवण्याचे काम त्यामुळे मालकाच्याच गळ्यात पडते. मुलुंडकराला तर कॅबिनेट उचलून दादरला गाडी बदलत ग्रँट रोड गाठायचे असते. निदान चुकले की ही फेरी पुन्हा घडते.

प्रस्तुत प्रतिनिधीने ती केलेली आहे. एका दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे छातीठोकपणे सांगितले. नवा आणून बसवला तरी संगणक मुकाच राहिला. अखेर मित्राचा एसएमपीएस उसना आणून जोडला आणि पंखे फिरू लागले. मदरबोर्डचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

अशी चूक होते, कारण बिघाड एका भागात असतो आणि लक्षण दुसऱ्याच भागात दिसते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. खेळ सुरू करताच ग्राफिक कार्डाची स्मृती अपुरी असल्याचा संदेश येई आणि साहजिकच लोक ग्राफिक कार्डावर संशय घेत. प्रत्यक्षात वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरच अस्थिर झालेला असे. कंपनीने २०२४ मध्ये हे मान्य केले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत आहे ना, हे आधी पाहावे. मात्र आधीच झालेली हानी अपडेटने भरून निघत नाही.

शोधाची सुरुवात कॅबिनेटपासून नव्हे, भिंतीवरच्या सॉकेटपासून करावी. मुलुंड-भांडुपचा वीजपुरवठा महावितरणकडे आहे. पण पुरवठा कोणाचाही असला, तरी जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थिंगची तार पुष्कळदा नुसती नावाला असते. कॅबिनेटला हात लावताच बारीक झिणझिण्या येत असतील, तर तेच कारण समजावे. अर्थिंग नसल्यास एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अत्यल्प असतो, तरी टीव्ही वा स्पीकरची वायर जोडताना तो पोर्टचा बळी घेऊ शकतो. अशा घरात भाग बदलत बसण्यापूर्वी वायरमनला बोलवावे. यूपीएस वगळून थेट सॉकेटवर संगणक चालवून पाहणेही याच टप्प्यात येते.

बटण दाबूनही काहीच होत नसेल, तर मदरबोर्डवर बटणाच्या वायरी जिथे बसतात, त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर जोडाव्यात. यंत्र सुरू झाले, तर दोष फक्त बटणाचा. न झाल्यास एसएमपीएसची पाळी. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत हवी. एसएमपीएस मोकळा चालवून घेतलेले आकडे फसवे असतात; भार पडताच कोसळणारा एसएमपीएस मोकळेपणी अगदी निरोगी दिसतो. खात्रीचा उपाय म्हणजे चांगला एसएमपीएस उसना मिळवणे. त्याचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक असू शकतो.

पंखे फिरतात पण पडदा काळाच, ही सर्वांत नेहमीची तक्रार. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली नाही ना, हे आधी पाहावे. पुष्कळ जण इथेच फसतात. डीडीआर-५ रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना स्मृतीची जुळणी करण्यात काही मिनिटे घालवतो. त्या वेळी घाबरून वीज तोडू नये. मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आणि बूट यांचे चार छोटे दिवे असतील, तर कोणता पेटून राहतो त्यावरून संशयाची दिशा कळते. ती केवळ दिशा, निकाल नव्हे.

त्यानंतर वजाबाकी. प्लग काढून, उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी व एसएमपीएस एवढेच ठेवावे. प्रोसेसरमध्ये चित्रदर्शनाची सोय नसेल, तरच ग्राफिक कार्ड राहू द्यावे. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवल्यास पत्र्याला टेकून होणारे शॉर्टही वगळता येते. एवढ्यावर चालला, तर एका वेळी एकच भाग परत जोडावा. दोन भाग एकदम बदलले, की काय कळले याचा पत्ता लागत नाही.

पावसाळ्यानंतर येणाऱ्या तक्रारींत रॅम नेहमी पहिल्या रांगेत. दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडेवर पापुद्रा धरतो. कारागीर तो पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसतात आणि अनेकदा तेवढ्यावर भागते. न भागल्यास मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. रॅमचा वाढीव वेग बायोसमधून आधी बंद करावा, अन्यथा चांगली पट्टीही दोषी ठरेल. मूळ वेगावर एक जरी चूक निघाली, तरी प्रत्येक पट्टी एकेका खाचेत स्वतंत्रपणे तपासावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर रॅम खराब. एकाच खाचेत राहिली तर मदरबोर्डची खाच, क्वचित प्रोसेसरही.

काम चालू असताना अचानक बंद पडणाऱ्या संगणकात उष्णता व एसएमपीएस हे दोन मुख्य संशयित. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले, की अनेक जण एसएमपीएस बदलायला धावतात. ती नोंद संगणक नीट बंद झाला नाही, एवढेच सांगते. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली, तर चाचण्यांच्या नादी न लागता आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवाव्यात.

दोषी भाग हाती लागल्यावर बिल आणि त्या भागावरचा अनुक्रमांकाचा कागद शाबूत हवा. मदरबोर्ड देण्यापूर्वी प्रोसेसरच्या सॉकेटचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे आणि त्यावर प्लॅस्टिकचे झाकण बसवावे. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी नाकारली जाते, आणि ती वाटेत वाकली की घरी, हा वाद काउंटरवर कधीच सुटत नाही.