औषध मारलेली भाजी



आमच्या माहेरी, शिरोळ तालुक्यात, पिकावर कीटकनाशक फवारण्याला 'औषध मारणं' म्हणतात. अजूनही. विष कुणी म्हणत नाही. तापावर घेतो तेही औषध आणि भेंडीवर मारतो तेही औषध, मग भाजी घेणाऱ्या बाईला भीती कशाची वाटणार? सेंद्रिय शेतीकडे आपण बायका कशा बघत आलो, त्याचा बराचसा इतिहास मला या एका शब्दात सापडतो.

माझ्या लहानपणी 'सेंद्रिय' हा शब्द घरात कुणाच्या तोंडी नव्हता. भेद होता तो गावरान आणि हायब्रीड असा. ज्वारीचं पहिलं संकरित वाण आपल्या देशात १९६४ साली आलं. आई म्हणायची, हायब्रीडच्या भाकरीला चव नाही. मग १९७२चा दुष्काळ पडला. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायला लागली आणि आईची तक्रार बंद झाली. युरियाने पीक भरघोस येतं म्हटल्यावर त्याला नावं ठेवणं त्या काळात कुणाला परवडणार होतं?

घरच्या धान्याला आम्ही एरंडेल लावायचो, कडुलिंबाचा पाला घालायचो. पण विकायच्या पोत्यांवर बीएचसीची पावडर धुरळलेली मी पाहिली आहे. डीडीटीवाले येऊन भिंती फवारून जायचे, तेव्हा आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे फिरायचो. पुढे शेतीतला डीडीटीचा वापर १९८९मध्ये थांबवला आणि १९९७मध्ये बीएचसीवर बंदी आली. खरं तर धोका आधीच कळला होता. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसं दगावली आणि त्यातूनच पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा झाला. पण कायदा सरकारदरबारी राहिला, बाजारात 'औषध' हाच शब्द टिकला.

माझ्या आठवणीत शहरातल्या बायका हादरल्या त्या २००३मध्ये. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाटलीबंद पाण्यात आणि नंतर शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश दाखवले. रोजच्या भाजीबद्दल ज्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्यांना बाटली मात्र खुपली!

त्याच सुमारास सेंद्रिय मालाला सरकारी शिक्का मिळाला होता. मी कॉमर्सची, म्हणून मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. २००१ साली सुरू झालेला तो प्रमाणीकरणाचा कार्यक्रम शेती खात्याचा नव्हता, वाणिज्य मंत्रालयाचा होता. कारण माल परदेशी जायचा होता, तिथला ग्राहक कागद मागत होता. आपल्या बाजारासाठी अन्न सुरक्षेचे नियम आणि 'जैविक भारत'चं चिन्ह यायला २०१७ उजाडलं, आणि त्यातही थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सूट आहे. तोपर्यंत आपण काय पाहून घेत होतो? ओळखीचा माणूस, गावरान दिसणारा माल आणि एखादं कीड लागलेलं पान. गावरान म्हणजे बियाणं आणि सेंद्रिय म्हणजे पिकवायची पद्धत, हा फरक आजही बऱ्याच जणी करत नाहीत. मीही करत नव्हते.

आता माझी गोष्ट सांगते. आठेक वर्षांपूर्वी भावाने एक एकरात रासायनिक फवारणी बंद केली आणि मला भेंडी पाठवली. निवडायला घेतली तर तिसऱ्याच भेंडीत अळी. पुढच्या भेंडीत विळीखाली अळी चिरली गेली. माझे हातपाय गळाले. उरलेली सगळी पिशवी बाजूला ठेवली आणि फोन करून सांगितलं, "पुढच्या वेळी स्वच्छ बघून पाठव बाबा." फोन वहिनीने घेतला होता. ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुमच्या विळीखाली नको, तर ती अळी रानात मरायची, एवढंच ना?"

मला राग आला. दोन दिवस बोलले नाही. कृत-कारित-अनुमोदना आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, पण चकचकीत भेंडी मागणं हे त्यातलं नक्की काय, असं मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. बाजारातही तेच झालं होतं. डाग असलेली भेंडी म्हणून व्यापाऱ्याने भावाला निम्माच दर दिला होता, आणि व्यापारी तरी काय करणार, पुढे घेणारी मीच!

सेंद्रिय म्हणजे अहिंसक, असं मात्र मी म्हणणार नाही. निंबोळी अर्कही किडीसाठीच असतो, कामगंध सापळ्यात पतंग मरतातच. सेंद्रिय खतांच्या दुकानात हाडांचा चुराही मिळतो. पिशवीवरच्या चिन्हावरून हे कळत नाही, विचारावं लागतं. भावाला विचारलं, तो शेणखत आणि पेंड घालतो.

आता भेंडी उभी चिरून, उजेडात धरून बघायची म्हणजे अर्धा तास जास्त जातो. सूनबाईला ऑफिस असतं, म्हणून ते काम माझ्याकडे. अळी सापडली की भेंडीच्या तुकड्यासकट बाहेर झाडाखाली ठेवते. मागच्या आठवड्यात दोन सापडल्या.