जुन्या संगणकावर सिम रेसिंग: कमी खर्चात काय बदलावे, काय नको?

सिम रेसिंग म्हणजे मोटार शर्यतीचे संगणकावरील हुबेहूब अनुकरण. टायरची पकड, ब्रेकचा दाब, वळणावर गाडीचे वजन एका बाजूला जाणे हे सगळे संगणक क्षणाक्षणाला गणिताने काढत असतो. ‘आयरेसिंग’मध्ये ही आकडेमोड सेकंदाला ३६० वेळा होते. म्हणूनच यासाठी महागडा गेमिंग संगणकच हवा, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही.

२०१४ साली आलेला इटलीतील ‘कुनोस’ कंपनीचा ‘असेटो कोर्सा’ आजही आवडीने खेळला जातो. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या, चौथ्या पिढीच्या कोअर आय५ संगणकावरही तो चालू शकतो. मात्र पैसे योग्य जागी खर्च व्हायला हवेत. असाच एक संगणक येथे उदाहरण म्हणून घेऊ.

आधी अडचण कुठे आहे ते शोधा

खेळ अडखळतो म्हणजे दोषी ग्राफिक्स कार्डच असेल असे नाही. खरेदीआधी ही सोपी चाचणी करा. रिझोल्यूशन एकदम कमी करून तीच शर्यत पुन्हा चालवा. फ्रेम वाढल्या, तर ताण ग्राफिक्सवर आहे. फरक पडला नाही, तर ताण प्रोसेसरवर आहे.

दुसरी चाचणी: ट्रॅकवर एकटेच गाडी चालवा, मग वीस गाड्यांसोबत चालवा. संगणकाने चालवलेल्या प्रत्येक गाडीचा भार तुमच्याच प्रोसेसरवर पडतो. एकटे असताना खेळ सुरळीत आणि गर्दीत अडखळत असेल, तर नवीन ग्राफिक्स कार्डाने फारसे काही साधणार नाही.

त्याही आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

ग्राफिक्स कार्ड: वीज आणि जागा पाहूनच

ब्रँडेड ऑफिस संगणकांत येथेच पैसे वाया जातात. त्यांचा एसएमपीएस कमी क्षमतेचा असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते. काही मॉडेलमध्ये मदरबोर्डला जाणारा जोडच वेगळा असतो, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही.

मदरबोर्डवरचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट वीज देतो. तेवढ्यावर चालणारे कार्ड निवडावे. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही ४ जीबीची कार्डे या गटातली. मात्र काही कंपन्यांच्या कार्डांना वेगळी वायर लागते, त्यामुळे घेण्यापूर्वी कार्डावरची जोडणी पाहा. कॅबिनेट सडपातळ असेल, तर कमी उंचीचेच कार्ड बसेल.

आरएक्स ६४०० तुलनेने नवे असले, तरी जुन्या संगणकासाठी थोडे गैरसोयीचे आहे. ते स्लॉटच्या फक्त चार मार्गिका वापरते आणि जुन्या मदरबोर्डवर त्यांचा वेग निम्मा होतो.

रॅम आणि एसएसडी

८ जीबीच्या जागी १६ जीबी रॅम करणे हा बहुधा स्वस्त आणि उपयोगी बदल आहे. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाहिन्या वापरात येतात. या पिढीच्या संगणकाला साधारणपणे डीडीआर३ रॅम लागते. डीडीआर४ त्यात बसत नाही.

एसएसडीमुळे ट्रॅक लवकर उघडतो आणि संगणक तरतरीत होतो. शर्यतीतील फ्रेम मात्र त्यामुळे वाढत नाहीत.

प्रोसेसर बदलावा का?

आय५-४५७० च्या जागी त्याच सॉकेटचा जुना आय७-४७७० बसतो. कोर चारच राहतात, पण थ्रेड चारचे आठ होतात. स्वस्तात मिळाला तरच हा बदल करावा. ‘पडद्यावर वीसऐवजी बारा गाड्या’ हा फुकटचा उपाय आधी करून पाहा.

सेटिंगमधून मिळणारा वेग

सावल्या, आरशातील प्रतिबिंबे, धूर आणि गवत कमी करा. गाडी हाताळण्यात त्याने काहीच कमी होत नाही. १९२० बाय १०८० ऐवजी १६०० बाय ९०० रिझोल्यूशन ठेवल्यास ग्राफिक्स कार्डाला सुमारे ३० टक्के कमी ठिपके रंगवावे लागतात. कधी ९० तर कधी ४० फ्रेम मिळण्यापेक्षा स्थिर ६० फ्रेम कितीतरी चांगल्या, कारण ब्रेक कुठे दाबायचा याचा अंदाज त्या सातत्यावरच बसतो.

सेकंड हँड घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन जुने कार्ड घेताना ते चालू करूनच पाहा. फार जुन्या कार्डाचे बायॉस बदलून त्याला १०५० टीआयचे नाव दिल्याचे प्रकार झाले आहेत. ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक बनावट कार्डे ओळखते. दहा-पंधरा मिनिटे खेळ चालवा, पंख्याचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का ते बघा.

कुठे थांबावे?

चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ चे अधिकृत पाठबळ नाही आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे. २०१९ चा ‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने’ आणि त्यानंतरचे खेळ त्याला जड जातात. त्यांच्यासाठी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असे सगळेच बदलावे लागत असेल, तर ते पैसे दुसऱ्या संगणकासाठी साठवावेत.

म्हणून क्रम असा ठेवा: साफसफाई, सेटिंग, रॅम, ग्राफिक्स कार्ड. उरलेले पैसे जुन्या पण चांगल्या स्टिअरिंग व्हील आणि पेडलवर खर्च करा. संगणक बदलला, तरी ते पुढेही तुमच्या कामी येईल.