गोव्याने नाकारलं, रोमने बिशप केलं! कोण होते मातेउश द कास्त्रो?

मातेउश द कास्त्रो महाले हे लॅटिन परंपरेतले पहिले भारतीय कॅथॉलिक बिशप. जन्म साधारण १५९४ चा, गोव्यातल्या दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात. गोव्यात पाद्री होऊ दिलं नाही म्हणून ते रोमला गेले. तिथे धर्मप्रसारासाठी १६२२ मध्ये सुरू झालेल्या खात्याला स्थानिक पाद्री हवेच होते. १६३७ मध्ये ते बिशप झाले. पण पूर्वेकडच्या चर्चवर आपलाच हक्क मानणाऱ्या पोर्तुगीजांनी त्यांना जुमानलं नाही. मग त्यांनी आदिलशाही मुलखातल्या डिचोलीत मुक्काम ठोकला. १६५३ मध्ये ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहून गोमंतकीयांना पोर्तुगीजांविरुद्ध उठायला सांगितलं. ते वारले रोममध्ये, आपल्या बेटापासून खूप दूर.